पालथा पाटा

आई कुठेही दोन दिवसांसाठी निघाली तरी आधी स्वयंपाकघरातली सगळी भांडी पालथी घालायची. पातेली, परात, चहाचे कप, अगदी मिसळणाच्या डब्यातल्या रिकाम्या वाट्यासुद्धा. ओट्यावर एक जुना पंचा पसरायचा आणि त्यावर ही सारी मंडळी तोंडं खाली घालून बसवायची. बाबा खाली गाडीत खोळंबलेले, मी जिन्यात बॅगा धरून उभी, आणि आई वर शेवटची वाटी पालथी घालत असायची. "आल्याबरोबर चहा ठेवायचा तर भांडं तयार नको?" हे तिचं ठरलेलं उत्तर. अमेरिकेत बंद घरात धूळ येणार कुठून, असं बाबा दर वेळी विचारायचे. आई ऐकून घ्यायची आणि करायचं ते करायचीच. आता मी कॅरी नावाच्या गावातल्या माझ्या घरातून विमानतळावर निघते, तेव्हा दारात टॅक्सी थांबलेली असते आणि मी आत वाट्या पालथ्या घालत असते. नवरा घड्याळाकडे बघतो.

आम्ही तेव्हा कोलोरॅडोत राहत होतो, डेन्व्हरच्या उत्तरेला, एका लाकडी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. बाबा मूळचे कराडचे आणि एका संगणकाच्या कंपनीत नोकरीला, आई वर्ध्याची. मी अकरा वर्षांची असताना आम्ही 'दोन वर्षांसाठी' म्हणून आलो. ओळखीतलं प्रत्येक मराठी घर दोन वर्षांसाठीच आलेलं होतं, आणि त्यातल्या कित्येकांची मुलं एव्हाना कॉलेजात गेली होती. कराडच्या घरी परसात आईचा पाटा होता, लग्नानंतर तिने स्वतः निवडून घेतलेला. तो विमानातून आणणं शक्यच नव्हतं. निघायच्या दिवशी तिने तो घासून धुतला, भिंतीशी पालथा घातला आणि माझ्या थोरल्या काकूंना सांगितलं, दोन वर्षांत येतेच, तोवर असू द्या इथे. पुढे सुट्टीत गेलो तेव्हा तो उताणा होऊन नळाखाली गेला होता आणि मोलकरीण त्याच्यावर धुणं आपटत होती. काकूंचं काही चुकलं नव्हतं. घरात मिक्सर आला होता आणि धुण्याला दगड हवा होता. चहा झाल्यावर आईने आपला कप तेवढा विसळला आणि पालथा घातला.

अमेरिकेत आमच्याकडेही मिक्सर होता, कराडहून आणलेला, एका जड ट्रान्सफॉर्मरला जोडून चालणारा. तो चालू झाला की दिवे मंद व्हायचे. आईचा त्याच्यावर राग होता. "हा चटणी कापते, वाटत नाही," म्हणायची. वर्ध्याकडच्या जवसाच्या चटणीवर तिचा फार जीव. जवस इथे भरपूर मिळायचे, तब्येतीला जपणारे गोरे लोक ते दह्यावर भुरभुरवून खात. आई ते खमंग भाजायची, लसूण-मिरची-मीठ घालायची, मिक्सरमधून काढायची, चाखायची आणि तोंड वाकडं करायची. मग तीच चटणी आम्ही आठवडाभर खायचो. मला फरक कळायचा नाही, पण कळतो असं मी म्हणायचे, कारण त्याने ती खूश व्हायची.

पाटा मिळाला तो शेजारच्या वायोमिंग राज्यातल्या एका डोंगरावर. उन्हाळा होता, मी तेरा-चौदा वर्षांची असेन. बाबांना उंच जागांचं वेड होतं. रस्ता जिथे संपतो तिथे गाडी लावायची आणि पुढे पायी जायचं, हा त्यांचा कार्यक्रम. त्या दिवशी जंगलखात्याच्या कच्च्या रस्त्याने आम्ही इतके वर गेलो की झाडं खुजी झाली, मग संपलीच. पुढे नुसतं उतरतं गवत, त्यात पिवळी-निळी रानफुलं, सावलीच्या खबदाडांत जुलैतही शिल्लक राहिलेला बर्फ, आणि वारा असा की आईचा पदर आणि बोलणं दोन्ही उडून जात होतं. बसायला आडोसा शोधता शोधता दगडांचं एक वर्तुळ दिसलं. गुडघ्याएवढ्या उंचीचे, शेवाळाचे ठिपके पडलेले दगड नीट गोलाकार मांडलेले, आणि आतली जमीन उतारावर असूनही सपाट. शेजारी एक मोठा खडक होता, मधोमध उभा तडकलेला. कुणीतरी सहलीला येऊन बसायची सोय करून ठेवली आहे, असं आम्हाला वाटलं. आम्ही दगड ओलांडून आत गेलो, चादर पसरली, दशम्या आणि ठेचा काढला.

दहीभाताचं पातेलं ठेवायला आईने मातीत अर्धवट रुतलेला एक सपाट दगड निवडला. तो डुगडुगत होता, म्हणून खाली खडा सरकवायला तिने बोटं घातली आणि तिचा हात तिथेच राहिला. मग तिने आधी पातेलं उचलून माझ्या हातात दिलं आणि बाबांना म्हणाली, "हा जरा उलटा करा न." बाबांनी कुरकुरत दगड उलटा केला. खालची बाजू मधे खोलगट होती, हाताने कुरवाळावी इतकी गुळगुळीत, आणि कडेला बारीक बारीक टोचे होते. "टाकी लावलीय याले," आई म्हणाली. पाट्याला अधूनमधून छिन्नीने टोचे मारून खरखरीत करावं लागतं, त्याला टाकी लावणं म्हणतात. वर्ध्याला टाकीवाल्या बायका गल्लीतून ओरडत जायच्या. बाबा म्हणाले, असेल कुणा जुन्या मेंढपाळाचा, टाकून दिलेला दिसतोय. आईलाही तेच पटलं, किंवा पटवून घ्यायचं होतं. तिचा चेहरा मला अजून दिसतो, माहेरचं माणूस बाजारात अचानक भेटावं तसा. बाबांनी तो दगड चादरीत बांधून गाडीपर्यंत वाहिला. त्या विरळ हवेत दर थोड्या अंतरावर ते थांबत, कमरेवर हात ठेवत आणि वर्ध्याच्या लोकांबद्दल काहीतरी बोलत.

त्यानंतर आमच्या घराचा आवाजच बदलला. शनिवारी सकाळी जाग यायची ती घर्र-घर्र अशा संथ आवाजाने. वरवंटा म्हणून आईने ओढ्यातून एक लांबट गोटा आणला होता. पाट्याखाली ती जुना टॉवेल घडी करून घालायची, तरी तो आवाज खाली वॉल्टर नावाचे निवृत्त गृहस्थ राहायचे त्यांच्या छतातून उतरायचाच. एकदा ते वर आले आणि बाबांना विचारू लागले, तुम्ही दर शनिवारी कुठलं फर्निचर घासता? आईने त्यांना वाटीभर चटणी दिली. चार दिवसांनी त्यांनी वाटी परत केली, लख्ख धुऊन, टिश्यूत गुंडाळून, रिकामी. आईने ती घेतली, हसली आणि दार लावल्यावर म्हणाली, "सांगितलं नसंन बिचाऱ्यांना कोणी." आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, काही नसलं तर साखर घालतात चिमूटभर. पुढच्या वेळी आईने त्यांना चटणी कागदात दिली.

चटणीची कीर्ती पसरली. वरवंट्याची तर विचारूच नका. बारशाला वरवंट्याला कुंची घालून, त्याला बाळ समजून पाळण्याखालून-वरून फिरवतात, आणि अख्ख्या डेन्व्हरच्या मराठी मंडळींत वरवंटा एकच, आमचा. पोंक्षे काकूंच्या नातीपासून किती बाळांच्या आधी तो ओढ्यातला गोटा पाळण्यात गेला, देव जाणे. पाटा गुळगुळीत झाला तेव्हा बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून छिन्नी आणली आणि बाल्कनीत बसून स्वतः टाकी लावली. जुन्या टोच्यांच्या शेजारी त्यांचे टोचे, जरा खोल आणि जरा वाकडे. आईने बघून मान डोलावली. बाबांनी घरात हाताने केलेलं हे बहुधा एकमेव काम, म्हणून आलेल्या पाहुण्यांना ते हटकून दाखवायचे.

मी सोळा वर्षांची झाले त्या उन्हाळ्यात शाळेमार्फत आठवडाभर एका कामाला गेले. जंगलखात्याला डोंगरावरच्या जुन्या दगडी वर्तुळांचे नकाशे करायचे होते आणि टेप धरायला मुलं हवी होती. मला त्यात गोडी होती असं नाही. आठवडाभर घराबाहेर, तंबूत, कुणी केस विंचरायला सांगणार नाही, एवढंच डोक्यात होतं. आमची प्रमुख लॉरेटा नावाची बाई होती. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा दोरीने गळ्यात, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. ती शोशोनी, म्हणजे तिथल्याच मूळच्या लोकांपैकी. तिच्या आज्या-पणज्या आणि त्यांच्याही आधीच्या किती पिढ्या उन्हाळ्यात या डोंगरांवर राहायला येत. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, वर्तुळ म्हणू नका, घर म्हणा. उतार खणून सपाट केलेली ही जमीन, हा भिंतीचा पाया. वर लाकडं, फांद्या, कातडी असायची, ती गेली. मधे चूल. पूर्वेला दगडांत ही जी फट दिसते ते दार, सकाळचं ऊन आत यावं आणि वारा येऊ नये म्हणून. मग ती वळसा घालून त्या दारातून आत गेली. आम्ही सगळे दगड ओलांडून जायच्या बेतात होतो, ते मुकाट्याने तिच्यामागे रांगेत गेलो.

आत एक सपाट दगड पडला होता. लॉरेटाने हातमोजे घालून तो एका कडेने उचलून दाखवला. खाली खोलगट, गुळगुळीत, कडेला टोचे. माझे कान तापले. ती सांगत होती की हे दगड फार जड, दर वर्षी खाली-वर नेणं परवडायचं नाही. म्हणून डोंगर उतरताना बायका ते घरातच पालथे घालून जायच्या. तोंड स्वच्छ राहतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात आलं की लगेच कामाला घेता येतं. "पालथा दगड म्हणजे काय, माहितीये?" तिने आम्हाला विचारलं. "म्हणजे मी परत येणार आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही उताराच्या वरच्या अंगाला गेलो आणि मधोमध तडकलेला तो खडक मी लांबूनच ओळखला. आम्ही जेवलो ते घर. आत मातीत एक चौकोनी खळगा होता, त्यात गवत नुकतं कुठे धरू लागलं होतं. लॉरेटा त्याच्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, इथलाही होता, नेला कुणीतरी. विकतात लोक. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. मी टेपचं टोक धरून उभी होते आणि मला आमचं स्वयंपाकघर दिसत होतं, टॉवेलची घडी दिसत होती. उरलेले दिवस मी टेप धरला, नकाशे काढले, रात्री तंबूत डोळे मिटून पडून राहिले. घरी कधी जाते असं झालं, आणि घरी जाऊच नये असंही.

घरी पोचले तेव्हा आई नेमकी पाट्यावर बसलेली होती. भाजलेल्या जवसाचा वास जिन्यापर्यंत आला होता. लाजेच्या गोष्टी मी तेव्हा इंग्रजीत सांगायचे, मराठीत त्या फार जवळ येत. "आई, स्टॉप," मी म्हणाले. "दॅट वॉज समवन्स हाउस. जिथे आपण लंच केला ना, ते घर आहे. अँड दिस इज देअर्स." मग सगळं सांगितलं, दार, चूल, खळगा, लॉरेटाच्या आज्या. आईचा वरवंटा थांबला होता. तिने एकच गोष्ट परत विचारली.

"पालथा घालून जायच्या म्हणाली ती?"

"येस. कारण परत यायचं असायचं."

"अन् म्या तो उताणा करून आणला," आई म्हणाली. एरवी ती इतकी वऱ्हाडी बोलत नसे. तिने पाट्यावरची चटणी वाटीत काढली, पाटा धुतला, पुसला, पंच्यावर पालथा घातला आणि हात धुऊन आत जाऊन बसली.

बाबांना मी सांगितलं तेव्हा त्यांचा रंग उडाला. आमच्या ग्रीन कार्डाचं काम शेवटच्या टप्प्यात होतं. त्या काळात आमचं घर श्वास रोखून जगायचं. बाबा ठरल्या वेगाच्याही खाली गाडी चालवायचे, लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तरी त्यांना झोप लागत नसे. "सरकारी जमीन आहे ती, निलू," ते म्हणाले. "तिथून वस्तू उचलणं हा गुन्हा आहे. एवढ्यातेवढ्यावरून नाव कुठे लागलं, तर सगळं मुसळ केरात. माझी नोकरी, तुझं कॉलेज, सगळं. तू कुणाला बोललीस का?" मी नाही म्हणाले. त्यांनी उपाय काढला. पुढच्या शनिवारी पहाटे निघायचं, दगड होता तिथे ठेवायचा, कुणाला न भेटता परत यायचं. मला तो उपाय बरा वाटला. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं.

आईला तो मान्य नव्हता. दोन दिवस तिने पालथ्या पाट्याला हात लावला नाही. चटणी मिक्सरमधून आली, दिवे मंद झाले. जिन्यात वॉल्टर भेटले तेव्हा त्यांनी मला विचारलं, सगळं ठीक आहे ना, वरून आवाज नाही आला. रविवारी जेवताना बाबांनी शनिवारचा विषय काढला, तेव्हा आईने हात थांबवला.

"रिकामं घर समजून आणला आपण," ती म्हणाली. "घर रिकामं नाहीये. तिच्या आजीचं आहे, आणि ती बाई जिती आहे. तिच्या हातात द्यायचा."

"आणि तिने वर कळवलं तर?"

"तर कळवंल. तुम्ही गाडीत बसा. उचलला मी, देते मी."

"तू उचललास?" बाबा म्हणाले. "उचलला मी. कंबर माझी गेली."

मी परत आल्यापासून पहिल्यांदा आम्ही हसलो, आणि हसता हसताच बाबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. ते घाबरलेले होते. मी बाबांना तसं घाबरलेलं आधी कधी बघितलं नव्हतं, आणि त्यांना कमी लेखावंसं मला क्षणभरही वाटलं नाही. ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, शुक्रवारी रजा टाकतो, ऑफिस उघडं हवं.

शुक्रवारी निघताना आईने नेहमीसारखी भांडी पालथी घातली. पाटा तिने स्वतःच्या एका मऊ सुती साडीत गुंडाळला. आदल्या दिवशी तिने मिक्सरवर का होईना, पण मन लावून जवसाची चटणी केली होती; ती एका स्टीलच्या डब्यात, बरोबर दशम्या. जंगलखात्याचं ऑफिस एका छोट्या गावात होतं, समोर सायकलस्टँड आणि झेंडा. बाबांनी पाटा हातात घेतला, आई डबा घेऊन पुढे झाली आणि तिने बेल वाजवली. लॉरेटाने दार उघडलं, आधी मला ओळखलं, मग गुंडाळीकडे बघितलं. आईने साडीचा पदर बाजूला केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "दिस इज युवर ग्रँडमदर्स. आय टूक. आय डिड नॉट नो."

लॉरेटाने तो टेबलावर ठेवायला सांगितला. चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली. मग जे सांगितलं ते मला आईसाठी मराठीत करावं लागलं, आणि ते माझं सर्वांत अवघड भाषांतर होतं. दगडाच्या बारीक छिद्रांत शेवटचं वाटलेलं अडकून राहतं, तिने सांगितलं. कुठलं बी, कुठलं मूळ, ते शोधून काढता येतं. हा दगड न धुतलेला मिळाला असता तर त्या घरातल्या बाईने शेवटच्या दिवशी काय वाटलं ते कळलं असतं. आता काही कळणार नाही. "काय वाटत असंल ती?" आईने विचारलं. लॉरेटा म्हणाली, तेच शोधायचं होतं. आता यात तुमच्याच मिरच्या निघतील. आईने मान खाली घातली. माफी मागायला तिच्याकडे इंग्रजी नव्हतं, म्हणून तिने हात जोडले.

मग लॉरेटाचं बोट कडेच्या टोच्यांवर आलं. "हे जुने आहेत," ती म्हणाली. "हे कुणी केले?"

आता गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण बाबांनी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. लॉरेटाने त्यांच्याकडे बघितलं, परत दगडाकडे बघितलं. "फार खोल मारलेत," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. बाबांनी सरळ विचारलं, आता आमचं काय होईल? ती म्हणाली, लोक अशा वस्तू परत आणतात कधीकधी. रात्री दारात खोक्यात ठेवून पळून जातात. बेल वाजवणारे तुम्ही पहिले. आणि होईल काय म्हणाल, तर हा वर न्यावा लागेल. माझे गुडघे गेलेत, तेव्हा वाहायचा तुम्ही.

बाबांनी वाहिला. तीच विरळ हवा, तेच थांबणं, पण या वेळी ते वर्ध्याबद्दल काही बोलले नाहीत. तडकलेल्या खडकाजवळ पोचलो तेव्हा मागच्या वेळी आलो होतो त्याच बाजूने आलो, आणि सवयीने बाबांनी दगड ओलांडायला पाय उचलला. "तिकडून नाही," आई म्हणाली. ती वळसा घालून पूर्वेला गेली, दगडांतली फट शोधली, बाहेर सपाता काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि आत गेली. बाबांनी पाटा पोटाशी धरूनच बूट टाचेने ढकलून काढले. मीही काढले. लॉरेटाने आमच्याकडे बघितलं आणि पट्टे बांधलेले गुडघे वाकवून, कण्हत, आपल्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. खळग्यात पाटा ठेवायची वेळ आली तेव्हा आईने बाबांना बाजूला केलं. तिने तो पुसला, तळहात एकदा खोलगट भागावरून फिरवला आणि पालथा घातला. नीट बसेना, म्हणून एका कडेने माती सारखी केली. मग ती तशीच खाली बसून राहिली आणि रडली, आवाज न करता, पदर तोंडाला लावून. कराडच्या परसात ती रडली नव्हती, ते सगळं तिथे रडली असं मला आज वाटतं. तेव्हा मला एवढंच कळलं की तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा, आणि मी तो ठेवला.

घराबाहेर, दारापासून थोडं दूर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या. आईने डबा लॉरेटाला दिला आणि मला म्हणाली, सांग तिला, आमच्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी सांगितलं. लॉरेटाने चटणी बोटावर घेऊन चाखली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ती अर्धी बाटली पाणी प्यायली आणि तिने परत चाखली. जाताना डबा ती घेऊन गेली.

आमचं ग्रीन कार्ड यथावकाश आलं. पाट्याशिवाय घर सुनं झालं, असं आई कधी म्हणाली नाही, पण शनिवारी ती आता उशिरा उठायची. वरवंटा तेवढा राहिला, बारशांना जात राहिला. तो आज माझ्या ओट्यावर आहे; आई गेल्यावर मी मागितला तो तेवढाच. पुढच्या उन्हाळ्यात मी परत त्या डोंगरावर गेले, या वेळी कुणी न सांगता आणि केस विंचरून. शेवटच्या दिवशी लॉरेटाने मला आईचा डबा दिला. तो जड लागला. घरी आल्यावर आईने टेबलावर पेपर पसरून तो उघडला. आत बारीक, तपकिरी टरफलांच्या बिया होत्या, त्या डोंगरावरच्या पाइनच्या, काठोकाठ भरलेल्या. वर लॉरेटाच्या हातचा काही मजकूर नव्हता, फक्त माझ्याकडे एक निरोप होता, तो मी सांगितला: "ती म्हणाली, आईला सांग, आमच्या आज्या हे वाटायच्या."

आईने एक बी दाताखाली फोडली आणि बराच वेळ चावत राहिली. मग तिने कढई गॅसवर ठेवली, बिया मंद आचेवर भाजल्या, आणि पहिली वाटी भरून मला म्हणाली, जा, खाली वॉल्टरना देऊन ये, कागदात नको, वाटीतच.